यंत्रमानवांचा खेळ आणि कामगारांची मुले

२००८ सालच्या ऑगस्ट महिन्यात बालेवाडीच्या क्रीडानगरीत एक विलक्षण दहीहंडी झाली. गोविंदा होते, पण ते हाडामांसाचे नव्हते. आशिया व पॅसिफिक प्रदेशांतील अनेक देशांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या हातांनी घडविलेले यंत्रमानव हंडीकडे झेपावत होते, आणि अखेर शियान येथील विद्यापीठाच्या चिनी संघाने बाजी मारली. सहा वर्षांनी, २०१४ मध्ये, हीच ‘रोबोकॉन’ स्पर्धा पुन्हा पुण्यात भरली. त्या खेपेस पालकाची भूमिका करणारे एक यंत्र आपल्या यंत्र-बालकाला उचलून झोक्यावर आणि सी-सॉवर खेळवीत होते. २०२२ साली ही स्पर्धा दिल्लीस भरली, तेव्हा तिचा विषय होता लगोरी! आमच्या गल्लीबोळांतील खेळ अशा रीतीने साऱ्या आशियातील तरुणांच्या बुद्धीपुढे कोडी म्हणून मांडले गेले. यात अभिमान वाटण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु बालेवाडीपासून पिंपळे गुरव फारसे दूर नाही, आणि पिंपळे गुरवच्या गल्लीत आजही लगोरी खेळणाऱ्या मुलांपर्यंत या स्पर्धेतील विद्या पोचली काय, हा प्रश्न मात्र त्या अभिमानाच्या भरात विचारावयाचा राहून गेला. तोच आज आम्ही विचारीत आहोत.

प्रथम या स्पर्धांकडे ‘श्रीमंतांच्या पोरांची खेळणी’ म्हणून पाहण्याची जी वृत्ती आहे, तिचा समाचार घेणे अवश्य आहे. यंत्रमानवाचा संघ म्हणजे काय? दहा-पंधरा मुलेमुली कित्येक महिने एका खोलीत एकत्र राबतात. कोणी आकृती काढतो, कोणी ॲल्युमिनियमची पट्टी कापतो, कोणी तारा जोडतो, कोणी संगणकासाठी आज्ञावली लिहितो. सारे जमले असे वाटते, आणि यंत्र जागचे हलत नाही! मग पुन्हा उघडणे, पुन्हा मोजणे, पुन्हा जोडणे. फळ्यापुढे ज्यांनी काही वर्षे घालविली आहेत त्यांना या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको. आमच्या परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न सोडून देऊनही पहिल्या वर्गात उत्तीर्ण होता येते, पण यंत्रातला एक स्क्रू सोडून दिला तर यंत्र क्षमा करीत नाही. पाठांतराने, वशिल्याने वा सुंदर हस्ताक्षराने त्याला फसविता येत नाही. सत्याशी इतकी रोखठोक गाठ घालून देणारा शिक्षक आमच्या शाळांत दुर्मिळ झाला आहे.

दुसरी एक गोष्ट आम्हांला याहूनही महत्त्वाची वाटते. अमेरिकेत डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत अठ्ठावीस संघांची पहिली स्पर्धा भरविली. आज तिच्या शाखा जगभर पसरल्या असून पुण्या-मुंबईतील शाळकरी मुलांचे संघही त्यांत उतरतात. या संस्थेने एक शहाणपणाचा नियम केला. तिच्या मुख्य स्पर्धेतील सर्वोच्च बहुमान मैदानात जिंकणाऱ्या संघास मिळत नाही. आपल्या समाजात विज्ञानाचा प्रसार कोणी केला, आपल्याहून लहान मुलांना कोणी शिकविले, याची छाननी करून तो दिला जातो. प्रतिस्पर्ध्याशी जीव तोडून झुंजावे, पण ऐन वेळी त्याचा एखादा भाग मोडला तर आपल्या पेटीतला काढून त्याला द्यावा, अशी तेथील रीत आहे. जी विद्या दिल्याने वाढते ती घरात कोंडून ठेवू नये, हे तर आमच्या संस्कृतीचे जुनेच सांगणे. ते आम्ही सुभाषितांत ठेवले. त्यांनी स्पर्धेच्या नियमात घातले, एवढाच फरक.

तथापि, जेथे बक्षीस आले तेथे बक्षिसाचा मोहही आला. महापालिकेच्या एखाद्या शाळेत एका दुपारी जावे, यंत्रमानव व्हरांड्यातून फिरवून दाखवावा, शे-दोनशे मुलांनी टाळ्या पिटाव्यात, छायाचित्रे घ्यावीत, आणि वार्षिक अहवालात ‘इतक्या मुलांपर्यंत आम्ही पोचलो’ असा आकडा लिहावा, हा प्रकार कोणत्याही संघास सहज सुचण्याजोगा आहे. आम्ही कोणा एका संघावर बोट ठेवीत नाही. तरुण मुलांच्या उत्साहाचा आम्हांला आदरच आहे. परंतु ज्या दुपारी शाळेतील मुलांचे हात रिकामे राहिले, ती दुपार प्रदर्शनाची झाली, शिक्षणाची नव्हे. संघ गेल्यावर त्या शाळेत काय उरले? एखादा पाना, एखादी मोटर, अर्धवट जुळविलेली एखादी गाडी, आणि ती पुरी करण्यासाठी पुढच्या शनिवारची वाट पाहणारी चार मुले उरली असतील, तर कार्य झाले. नुसतेच आश्चर्य उरले असेल, तर ते संध्याकाळपर्यंत विरून जाते.

हा प्रश्न पिंपळे गुरवच्या संदर्भात आम्ही का उभा करतो, हेही सांगितले पाहिजे. पवना आणि मुळा या नद्यांच्या मधल्या या गावात एके काळी शेते होती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मागोमाग टेल्को आली, बजाज आली, भोसरीत लहान कारखान्यांच्या रांगा लागल्या, आणि पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. या साऱ्या कारखान्यांसाठी मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून, सातारा-सोलापुराकडून जी माणसे आली, त्यांतील कितीतरी कुटुंबांनी पिंपळे गुरव, सांगवी, दापोडी, कासारवाडी येथे बिऱ्हाडे केली. पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत कोपऱ्यावर उभा असलेला बाप हे येथील नित्याचे दृश्य आहे. हा बाप ज्या कारखान्यात जातो, तेथे मोटारीच्या सांगाड्याला टाके घालण्याचे काम आता यांत्रिक बाहू करतात. तो बाहू कसा चालतो हे त्या बापास कोणी सांगितलेले नाही. आपले कंत्राट पुढच्या वर्षी राहील किंवा नाही याची चिंता मात्र त्या बाहूने त्याला दिली आहे.

‘रोबोट’ हा शब्द जगाला कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या नाटकातून मिळाला. त्याच्या भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. वेठबिगाराच्या नावानेच या यंत्राचे बारसे झाले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण वेठ संपत नाही, ती फक्त एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. ज्याला यंत्र उघडता येते, तो यंत्राला राबवितो. ज्याला ते उघडता येत नाही, त्याला यंत्र वेठीस धरते. पिंपळे गुरवमधील मुलगा या दोहोंपैकी कोण होणार, याचा निकाल पुष्कळ अंशी त्याच्या बाराव्या-तेराव्या वर्षीच लागतो.

आता मुख्य अडचणीकडे वळू. हा खेळ महाग आहे. प्रवेशशुल्क, परदेशी बनावटीचे सुटे भाग, विमानभाडे, व्हिसा यांचा हिशेब मांडला, तर कंत्राटी कामगाराची वर्षाची कमाई एका दौऱ्यास पुरावयाची नाही. म्हणून ही विद्या सधन वस्त्यांतील खाजगी शाळांतच राहणार, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस ते मान्य नाही, आणि त्याचे उत्तर याच पट्ट्यात आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तून पदवी घेऊन श्री. अरविंद गुप्ता हे पुण्याच्या टेल्कोत मालमोटारी बनविण्यासाठी आले. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादकडे खेड्यांतील विज्ञानशिक्षणाचा प्रयोग पाहावयास गेले. तेथे सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांतून भूमितीच्या आकृत्या उभ्या राहिल्या, आणि मालमोटारींचा एक अभियंता देशभरच्या मुलांचा शिक्षक झाला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुणे जिल्ह्यातीलच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेल्या मुलांना त्यांनी काम करता करता शिकविले. आणि अमेरिकेतील एम.आय.टी.ने आपल्या आवाराबाहेर ज्या पहिल्या काही ‘फॅब लॅब’ उभारल्या, त्यांपैकी एक २००२ च्या सुमारास या खेड्यात आली. स्वस्तात शिकविण्याची विद्या आमच्याकडे आहे. तिची सांगड या संघांच्या उत्साहाशी अद्याप कोणी घातलेली नाही.

परदेशगमनाविषयीही थोडे लिहिणे योग्य होईल. या दौऱ्यांची केवळ सहल म्हणून हेटाळणी करणाऱ्यांनी २०१७ साल आठवावे. हेरात येथील सहा अफगाण मुलींना अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारण्यात आला, आणि अखेर मोठ्या खटपटीने त्या वॉशिंग्टनच्या स्पर्धेस पोचल्या. धैर्याबद्दलचे रौप्यपदक घेऊन परतल्या. २०२० च्या साथीत याच संघाच्या मुलींनी जुन्या मोटारीचे भाग वापरून कमी खर्चाचे श्वसनयंत्र तयार केले. पुढे २०२१ मध्ये त्यांच्या देशात सत्तांतर झाले, आणि सहावीपुढच्या मुलींना शाळेची दारे बंद झाली. ज्यांना शिकण्याची मोकळीक आहे त्यांनी तिचे काय केले, हा प्रश्न त्या मुलींच्या कहाणीतून आमच्याकडेही येतो. दुसरे उदाहरण व्हिएतनामचे. पुण्यात २०१४ ची रोबोकॉन जिंकली ती लाक होंग विद्यापीठाने. २०१७ व २०१८ मध्येही तेच विजयी झाले. हे विद्यापीठ राजधानीत नाही. ते बिएन होआ या कारखान्यांच्या शहरात आहे, म्हणजे त्या देशाच्या पिंपरी-चिंचवडमध्ये! उद्योगनगरीने मनावर घेतले तर काय होते, याचे याहून बोलके प्रमाण कोणते द्यावे?

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो पोकळ नाही. जेथे काही वर्गांना पुरेसे शिक्षक नाहीत, जेथे पाचवीतील कित्येक मुलांना सरळ भागाकार येत नाही, तेथे यंत्रमानवाची चैन कशाला? आमचे उत्तर असे की, भागाकार येत नाही तो पुष्कळदा तो कशासाठी करावयाचा हे कळत नाही म्हणून. चाकाचा परीघ आणि मोटरचे फेरे यांवरून गाडी किती अंतर जाईल हे काढावयाचे असले, म्हणजे तोच मुलगा आपण होऊन भागाकार मागतो. अर्थात, यंत्रमानव हा शिक्षकाच्या जागी येऊ शकत नाही, आणि रिक्त जागा भरण्याच्या कर्तव्यातून त्याच्या आडून कोणास सुटताही येणार नाही. एक काम झाले नाही म्हणून दुसरेही करू नये, या युक्तिवादात मात्र आजवर गरिबांच्याच मुलांचे नुकसान झाले आहे.

मग काय करावे? केंद्र सरकारच्या अटल नवोन्मेष योजनेतून २०१६ पासून शाळाशाळांत प्रयोगघरे उभारण्यास प्रत्येकी वीस लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद झाली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी पन्नास हजार प्रयोगघरांची घोषणा झाली. महापालिकेने आपल्या प्रत्येक माध्यमिक शाळेसाठी त्यांतील वाटा मागून घ्यावा; आणि घेतल्यावर त्या खोलीस कुलूप लावून किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवू नये. सायंकाळी व रविवारी ती खोली वस्तीतील सर्व मुलांना खुली असावी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत; ते दिवस भोसरीच्या कारखान्यांत आणि या प्रयोगघरांत घालवावेत. लेथवर आयुष्य काढलेला एखादा निवृत्त फिटर तेथे शिक्षक म्हणून सन्मानाने बोलवावा. आपल्याच शेजारच्या काकांकडे किती विद्या आहे, हे मुलांस त्यामुळे प्रथमच समजेल. कारखानदारांनी सामाजिक निधीतून फलक रंगविण्याऐवजी बदललेल्या मोटरी, जुने संवेदक आणि महिन्यातून एक दिवस आपला एखादा अभियंता द्यावा.

आणि विद्यार्थी-संघांनी? त्यांनी वर्षात वीस शाळांना भेटी देण्यापेक्षा एकच शाळा वर्षभर धरावी. तेथे मराठीतून शिकवावे, कारण दाते आणि कप्पी, विद्युत् आणि भार हे समजण्यास इंग्रजीचा दाखला लागत नाही. मुलींना मागच्या बाकावरून पुढे आणावे. त्यांच्या हाती केवळ माहितीचा फलक न देता पाना द्यावा. आणि पुढच्या स्पर्धेस निघताना त्या शाळेतील निदान दोन मुले आपल्या संघात घ्यावीत. त्यांचा खर्च वर्गणीने उभा करणे या शहरास अशक्य नाही. गणेशोत्सवाच्या मांडवांवर आम्ही काय खर्च करतो, हे वाचक जाणतातच.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. पिंपळे गुरवच्या एखाद्या मुलाने तोवर बालेवाडीचे मैदान केवळ बसच्या खिडकीतून पाहिलेले असेल. त्याला त्या मैदानात उतरविण्याचे काम यंत्राचे नव्हे, माणसांचे आहे. आणि ती माणसे महापालिकेत, कारखान्यांत, महाविद्यालयांत व आमच्या वाचकांच्या घरोघरी आहेत. त्यांनी हे काम याच वर्षी हाती घ्यावे, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे. शाळेतील मुलगा पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही. तो एक इयत्ता पुढे जातो, नाहीतर शाळा सोडून जातो.