गोठलेलें खोबरेल

पौषाच्या पहाटे खाडीवरून वारा सुटला म्हणजे आमच्या कल्याणासहि चार दिवस थंडी कळते. अशाच एका सकाळीं आमच्या नातीनें खोबरेलाची बाटली उलटी धरून विचारलें, "आजोबा, हें गोठलें, मग शेजारच्या बरणींतलें तिळाचें तेल कां नाहीं गोठलें?" प्रश्न लहान, पण त्याच्या उत्तरांत आपल्या देहरचनेचें एक मर्म आहे, म्हणून या महिन्यांत त्याविषयींच लिहितों.

तेल, तूप, लोणी हीं एकाच कुळांतलीं. यांच्या रेणूंत ग्लिसरीनच्या एका दांडीस मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या अडकविलेल्या असतात. साखळींतील कार्बनला हायड्रोजन पुरेपूर मिळाला असेल तर ती सरळ राहते. अशा साखळ्या मोळींतील सरळ काटक्यांप्रमाणें एकमेकींस बिलगतात व पदार्थ लवकर थिजतो. हायड्रोजन कमी पडला तर साखळींत दुहेरी बंध येऊन बहुधा बांक पडतो. वांकड्या काटक्यांची मोळी घट्ट कशी बांधली जाणार? खोबरेलांत शेंकडा नव्वदच्या आसपास साखळ्या सरळ, म्हणून तें सुमारें २४ अंशांखालीं थिजूं लागतें. तिळाच्या तेलांत बहुतेक वांकड्या, म्हणून तें वाहतें.

आतां देहाकडे वळूं. प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध रेणूंचा दुपदरी पडदा असतो. या रेणूंचें डोकें पाण्याकडे ओढ घेतें, दोन शेपट्या पाणी टाळतात. म्हणून डोकीं बाहेर व शेपट्या आंत अशी मांडणी आपोआप होते. हा पडदा खोबरेलासारखा थिजला तर पेशीचा सारा व्यवहार थांबेल. थंडी वाढली कीं कित्येक मासे आपल्या पडद्यांत वांकड्या साखळ्या वाढवितात, तें याचसाठीं. शिवाय स्निग्धांश हा शक्तीचा सांठा आहे. एका ग्रॅममागें ९ उष्मांक, तर पिष्टाचे ४. अ, ड, ई व के हीं जीवनसत्त्वें त्याच्याच आधारानें अंगीं लागतात. मेंदूच्या कोरड्या वजनाचा निदान निम्मा भाग स्निग्धच आहे.

साखळीचा आकार बिघडला तर काय होतें, याचा दाखला मुंबईचाच आहे. शिवडी येथें १९३२ सालीं वनस्पति तूप निघूं लागलें. पातळ तेलास हायड्रोजन देऊन तें घट्ट करीत. परंतु क्रिया अर्धवट राहिली कीं कांहीं दुहेरी बंध उलटे बसून साखळ्या सरळ होत. हेच ट्रान्स मेद. हृदयास ते तुपाहूनहि घातक. हें ओळखण्यास जगास कित्येक दशकें लागलीं. भारतांत जानेवारी २०२२ पासून खाद्य तेलातुपांतील त्यांची मर्यादा २ टक्क्यांवर आली.

एवढें सांगण्याचें कारण घरचेंच. नातीचा धाकटा भाऊ वर्षाचा झाला, आणि सूनबाईंनीं कोठेंसें वाचून त्याच्या मऊ भातांतील तूप बंद केलें. दूधहि साय काढलेलें देऊं लागल्या. आमच्या सौभाग्यवतींना तें मुळींच रुचलें नाहीं. दोन दिवस स्वयंपाकघरांत अबोला. शेवटीं न्याय आमच्याकडे आला. आम्ही म्हणालों, "आईच्या दुधांतील निम्मे उष्मांक स्निग्धांशाचे असतात. दोन वर्षांच्या आंतील मुलाचा तो वांटा तोडूं नये." सौभाग्यवतींचा चेहरा खुलला. तेव्हां सूनबाई शांतपणें म्हणाल्या, "पटलें, मामंजी. पण तुमच्या पोळीवरच्या तुपाचें काय? डॉक्टरांनीं कमी करा म्हणून सांगितल्यास सहा महिने झाले."

सरळ साखळ्यांचा मेद फार झाला कीं रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढतें, हें आम्हीच त्यांना एकदां समजावून दिलें होतें! आम्ही निरुत्तर झालों.

तेव्हांपासून आमच्या घरीं एकाच स्वयंपाकघरांत शिजतें, पण एकाच मापानें वाढलें जात नाहीं. नातवाच्या भातावर तुपाची धार असते. आमची पोळी कोरडी. स्निग्धांश सर्वांसच हवा, पण वाढत्या जिवास जितका तितका पिकल्या वयास नव्हे. वाचकांनींहि आपल्या पंक्तीकडे एकवार या दृष्टीनें पहावें. आणि सुरुवात आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांच्या पानापासून करावी.