बंदूक येते कोठून?

दक्षिण आफ्रिका म्हटले की आपल्याला पीटरमारित्झबर्गचे रेल्वेस्थानक आठवते, आणि त्यापुढे आपले ज्ञान बहुधा क्रिकेटपाशी संपते. त्याच देशात एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या एका वर्षात २७,४९४ खून झाले. म्हणजे दिवसाला पंचाहत्तर! आणि लोकसंख्या? महाराष्ट्राच्या साधारण निम्मी.

बंदुकीवर बंधने घाला असे कोणी म्हटले, की एक उत्तर ठरलेले असते : "कायदा सज्जनांना बांधतो, गुंड थोडाच परवाना काढायला जातो?" आमच्या चर्चामंडळात एका मित्राने हे वाक्य टाकून टाळ्याही मिळवल्या. पण त्याला मला एवढेच विचारावेसे वाटते, की गुंडाच्या हाती बंदूक येते कोठून? ती काही शेतात उगवत नाही. तिचा जन्म कारखान्यात होतो आणि पहिला मालक बहुतेक वेळा कायदेशीरच असतो. पुढे ती चोरीला जाते, 'हरवते', नाहीतर विकली जाते.

२००० साली त्या देशाने नवा शस्त्रनियंत्रण कायदा केला. २००४ पासून तो अमलात आला. वय एकवीस पूर्ण हवे, आधी योग्यतेचे प्रमाणपत्र, मग प्रत्येक बंदुकीस वेगळा परवाना, आणि स्वसंरक्षणासाठी एकच बंदूक. १९९८ मध्ये तेथे गोळीने रोज सरासरी ३४ माणसे मरत. २००९ पर्यंत हा आकडा १८ वर आला. सगळे श्रेय कायद्याचे, असे मी म्हणणार नाही. परंतु दिवसाला सोळा जीव वाचले, ही काही थोडकी गोष्ट नव्हे.

पुढे मात्र आकडा पुन्हा चढू लागला, कारण कुंपणानेच शेत खाल्ले. लोकांनी जमा केलेल्या बंदुका पोलिसांनी वितळवून टाकायच्या होत्या. त्यांपैकी सुमारे दोन हजार बंदुका ख्रिस प्रिन्स्लू नावाच्या पोलीस कर्नलने केप फ्लॅट्समधील टोळ्यांच्या हाती जाऊ दिल्या, पैसे घेऊन. केप फ्लॅट्स म्हणजे केप टाउनबाहेरचा सखल, वाळूचा प्रदेश. वर्णद्वेषी राजवटीने शहरातून उठवलेली गौरेतर कुटुंबे तेथेच नेऊन टाकली होती. २०१६ मध्ये प्रिन्स्लूला अठरा वर्षांची शिक्षा झाली, तोवर त्या बंदुकांचा संबंध हजारावर खुनांशी जुळला होता. घरात लेकरे आहेत, नको ही ब्याद, म्हणून कोणी पिस्तूल परत केले असेल. त्याच पिस्तुलाने दुसऱ्या कोणाचे लेकरू गेले! टोळ्या आणि शस्त्रपरवान्यांतील भ्रष्टाचार यांचा तपास करणारे पोलीस अधिकारी चार्ल किनिअर यांना सप्टेंबर २०२० मध्ये त्यांच्याच घरासमोर गोळ्या घालण्यात आल्या.

स्वसंरक्षण हे परवान्याचे कारणच असू नये, असा मसुदा सरकारने २०२१ मध्ये पुढे आणला. त्यावर एकच गदारोळ उठला. मला त्यामागचा विचार पटतो. धावपटू ऑस्कर पिस्टोरियसने फेब्रुवारी २०१३ मध्ये बंद दारातून गोळ्या झाडून आपल्या मैत्रिणीचा जीव घेतला तो परवान्याच्या पिस्तुलानेच, आणि तेही पहारा असलेल्या वसाहतीत. 'चोर शिरला असे वाटले', हा त्याचा बचाव. न्यायालयाने अखेर तो खूनच ठरवला. उशाशी पिस्तूल असले की दारामागचा प्रत्येक आवाज चोराचा वाटू लागतो, असे मला तरी वाटते.

पण हे मी वसतिगृहाच्या खोलीत बसून लिहितो आहे. केप फ्लॅट्समधल्या दुकानदाराला बोलावूनही पोलीस वेळेवर मिळत नाही; त्याच्याकडे शस्त्र कोणत्या तोंडाने मागायचे? आधी सरकारने आपली शस्त्रागारे मोजावीत. जमा झालेल्या प्रत्येक बंदुकीचा क्रमांक भट्टीच्या तोंडापर्यंत लिहिलेला असावा आणि तो वाचायला पोलिसांखेरीज बाहेरचा माणूस तेथे उभा असावा. मग त्या दुकानदारापुढे हात पसरावा. तो देईल की नाही, हे मात्र मला सांगता येत नाही.