पिच्चर कुठं अडकला, ताई?

आमच्या गटातल्या मैत्रिणींना हा लेख आवडणार नाही, हे मला माहीत आहे. छापायला देण्याआधी तो त्यांना वाचून दाखवला. दोघी म्हणाल्या, दे. तिसरीने विचारले, घरातले भांडण चव्हाट्यावर कशाला? पण अलीकडे ज्या गावच्या संघटनेत, महिला मंडळात किंवा कॉलेजच्या स्त्री-अभ्यास केंद्रात जावे तिथे चार मैत्रिणी मिळून माहितीपट करताना भेटतात, आणि एकमेकींना पहिला प्रश्न विचारतात तो हा : कुठे कुठे पाठवली? फिल्म कुणी पाहिली, पाहून काय झाले, हे विचारायचे राहूनच जाते. म्हणून हे भांडण आता आमच्या घरातले राहिलेले नाही.

आधी आमची चूक सांगते. आम्ही चौघी. एक बँकेत, एक शाळेत, एक वकिली करणारी आणि मी संघटनेच्या कामात. पुण्यातल्या एका वस्तीतल्या घरकामगार बायकांबरोबर आम्ही 18 मिनिटांचा माहितीपट केला. विषय दोनच : दिवाळीला एका पगाराइतका बोनस आणि आठवड्याची भरपगारी सुट्टी. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. पण पगार किती, खाडा धरायचा की नाही, बोनस द्यायचा की जुनी साडी देऊन वाटेला लावायचे, हे आजही मालकिणीच्या दारात उभे राहूनच ठरवावे लागते. फिल्मची कल्पनाही आमची नव्हती. बैठकीत एक मावशी म्हणाल्या होत्या, "आम्ही तोंडानं सांगितलं तर बाई ऐकून घेत न्हाईत. टीव्हीत दिसलं तर ऐकतील."

सहा रविवार शूटिंग केले, तेही दुपारी दोन ते पाच, कारण बायकांना तेवढीच उसंत. कॅमेरा म्हणजे आमच्यातल्या एकीचा मोबाईल. माईक भाड्याने आणला. सगळा खर्च 14 हजार रुपये. जुलैत फिल्म तयार झाली. ठरले होते असे की गणपती उठले की वस्तीवस्तीत दाखवायची, मग दोन-चार सोसायट्यांच्या हॉलमध्ये, आणि दिवाळीच्या आत बोनसची मागणी लावून धरायची.

पण मध्येच कुणीतरी म्हणाले, "इतकी छान झाली आहे, महोत्सवांना पाठवा ना!" आणि आमचे डोके फिरले.

हल्ली प्रवेशिका घरबसल्या भरता येते. कार्डाचा नंबर टाकला की झाले. एकेका ठिकाणची फी दोन हजार, अडीच हजार, तीन हजार. आम्ही नऊ ठिकाणी पाठवली आणि 21 हजार 300 रुपये भरले. म्हणजे फिल्म करायला लागले त्याच्या दीडपट पैसे ती कुणाच्या तरी दारात नेऊन ठेवण्याचे! आमच्या फिल्ममधल्या मावशी चार घरची धुणीभांडी करून महिन्याला नऊ हजार मिळवतात. त्यांच्या दोन महिन्यांच्या कमाईहून जास्त रक्कम आम्ही त्यांच्याच नावाने उडवली, आणि त्यांना विचारलेही नाही.

फीपेक्षा जास्त नुकसान कापाकापीत झाले. पाठवण्याआधी एका जाणकार गृहस्थांना फिल्म दाखवली. ते म्हणाले, बैठक फार लांबते, आकडेमोड रटाळ आहे, चेहरे ठेवा, हात ठेवा. आम्ही मान डोलावली. त्या बैठकीत बायका बोटांवर हिशेब मांडतात : कुठल्या सोसायटीत किती घरे, त्यातली किती बोनस देतात, किती फक्त मिठाईचा पुडा देतात, आणि सगळ्यांनी एकदम मागितले तर कुणाला नाही म्हणता येणार नाही. साडेतीन मिनिटांचा तो हिशेब म्हणजे आमच्या फिल्मचा कणा. तो आम्ही चाळीस सेकंदांवर आणला. त्याच्या जागी भेगाळलेली बोटे, पावसात गळणारे पत्रे आणि खिडकीतून शून्यात बघणारी बाई आली. वस्तीतल्या कुठल्याही बाईला विचारा, शून्यात बघायला तिला वेळ कधी असतो? संघटना कापली आणि सोसणे ठेवले, असे आम्ही केले. कुठल्या महोत्सवाने आम्हाला तसे करायला सांगितले नव्हते. 'त्यांना' काय आवडेल याचा अंदाज बांधून आम्हीच कात्री चालवली.

तिसरी गोष्ट प्रीमियरची. काही महोत्सवांची अट असते की फिल्म आधी कुठे जाहीर दाखवलेली नको. आमच्या नऊपैकी एका ठिकाणी ती होती. लघुपटांना पुष्कळ महोत्सव ही अट लावत नाहीत, हे आम्हाला मागाहून कळले, कारण बाकीच्या आठ ठिकाणची नियमावली आम्ही धड वाचलीच नव्हती. आणि वाचून तरी काय? वस्तीच्या समाजमंदिरात चादर बांधून साठ बायकांनी फिल्म पाहिली असती तर परदेशात कुणाला पत्ता लागणार होता! पण आम्ही जास्तीच्या शहाण्या. फिल्म झाकून ठेवली.

गणपती झाले, नवरात्र झाले. मावशी वाटेत भेटल्या की विचारायच्या, "पिच्चर कुठं अडकला, ताई?" मी म्हणायची, "थोडं काम राहिलंय." खोटे बोलत होते. दिवाळी आली आणि गेली. काहींना बोनस मिळाला, बऱ्याच जणींना डबाभर चिवडा. जानेवारीत त्या परदेशी महोत्सवाचे पत्र आले : निवड झालेली नाही. आणखी सात ठिकाणांहूनही नकार. नवव्या ठिकाणी मात्र आम्हाला 'सर्वोत्कृष्ट सामाजिक माहितीपट' हा पुरस्कार मिळाला! चौकशी केली तर तो महोत्सव दर महिन्याला भरतो, तोही फक्त संगणकावर, आणि पुरस्काराची ढाल हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. पोस्टरवर छापायला दोन बाजूंना पानांच्या डहाळ्या असलेले चिन्ह तेवढे फुकट.

आता माझ्या मैत्रिणीचे म्हणणे. ती म्हणते, तू एका फसव्या महोत्सवावरून सगळ्यांना झोडपतेस. महोत्सवामुळे प्रश्न चार लोकांपर्यंत जातो, पुढच्या फिल्मला मदत मिळते, आणि सेन्सॉरचे प्रमाणपत्र नसलेली फिल्म दाखवायला सवलत मिळू शकते ती महोत्सवातच. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण ही दारेही आपोआप उघडी राहत नाहीत. 2004 च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची सक्ती झाली होती, परदेशी फिल्मना नव्हती. देशभरच्या माहितीपटकारांनी एकजुटीने विरोध केला तेव्हा ती मागे घेतली गेली. पुढे गुजरातच्या 2002 च्या हिंसाचारावरच्या फिल्मसह अनेक टोकदार फिल्म निवडीत गळल्या. तेव्हा याच मंडळींनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' हा आपला महोत्सव भरवला. मला असा महोत्सव हवा आहे. जिथे आपण प्रवेशिकेची पावती घेऊन रांगेत उभ्या राहतो तो आणि जो आपण उभा करतो तो, या दोन्हींना एकच शब्द वापरला म्हणून ते एक होत नाहीत.

मैत्रिणींनो, आपल्याला हे नव्याने शिकायचे आहे असेही नाही. 1980 साली बंगळुरात दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'युगांतर' हा फिल्मगट सुरू केला. त्यांची 1981 ची 'मोलकरीण' ही फिल्म पुण्यातल्याच मोलकरणींच्या संघटनेवर आहे. पुढच्या वर्षी त्यांनी निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांबरोबर 'तंबाखू चाकिला ऊब आली' केली. त्या काळी 16 मिलिमीटरची फीत, जड प्रोजेक्टर, सगळे उचलून न्यावे लागे. तरी फिल्म बायकांच्या बैठकांतून फिरल्या, कारण त्या बैठकांसाठीच केल्या होत्या. पुढे काही दशकांनी बर्लिनच्या 'आर्सेनल' या संस्थेने त्यांचे जतन केले आणि आज त्या जगभर दाखवल्या जातात. क्रम लक्षात घ्या : आधी निपाणी, मग बर्लिन. अहमदाबादला 'सेवा' संघटनेने 1984 साली व्हिडिओचे प्रशिक्षण घेतले तेव्हा शिकणाऱ्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकाही होत्या. कॅमेरा त्यांच्या हातात गेला आणि संघटनेच्या कामाला लागला. आपल्या खिशात त्याहून चांगला कॅमेरा आहे आणि आपण डहाळ्या मोजत बसलो आहोत!

एक गोष्ट मात्र माझ्याच मताविरुद्ध जाते, ती लपवणार नाही. फेब्रुवारीत शेवटी आम्ही वस्तीत फिल्म दाखवायचे ठरवले, तेव्हा एक ताई रात्री घरी आली. फिल्ममध्ये ती म्हणते की बोनस हातात पडला की नवरा काढून घेतो. तिने सांगितले, "परगावी दाखवा, गोऱ्या लोकांना दाखवा, पण हितं नको." ज्या वस्तीत फिल्म आधी दाखवावी असे मी तावातावाने म्हणते, तिथेच तिला मार पडू शकत होता. आम्ही तिची सही घेतली होती, पण इंग्रजी मसुद्यावर, आणि त्यात 'जगात कुठेही, कायमस्वरूपी' असे लिहिलेले होते. हे लिहून घेताना आम्हाला एकदाही वाटले नाही की तिच्यासाठी जग म्हणजे तिची गल्ली. आम्ही तेवढा भाग काढला आणि बैठकीचा हिशेब पूर्ण साडेतीन मिनिटांचा परत घातला.

मोठ्या फिल्मच्या बाबतीतही हा प्रश्न सुटलेला नाही. बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया'च्या पत्रकार बायकांवरची 'रायटिंग विथ फायर' ही फिल्म 2021 मध्ये सनडान्सला गाजली, 2022 मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये 'खबर लहरिया'नेच निवेदन काढले की फिल्म प्रभावी आहे, पण आमच्या कामाचे पूर्ण चित्र त्यात आलेले नाही. फिल्मच्या गुणवत्तेबद्दल मला इथे बोलायचे नाही. पण ज्यांच्या हातात स्वतःचे वृत्तमाध्यम होते त्या निवेदन काढू शकल्या. आमच्या मावशींनी ते कुठे काढायचे?

म्हणून आमच्या गटापुढे मी चार गोष्टी ठेवल्या आहेत, तुमच्याहीपुढे ठेवते. कच्चे संकलन झाले की फिल्म आधी तिच्यातल्या बायकांना दाखवायची, एकेकीला वेगळी आणि मग सगळ्यांना मिळून, आणि त्या म्हणतील ते काढायचे. संमतीपत्र मराठीत, वाचून दाखवून, आणि वस्तीत, शहरात, परगावी, इंटरनेटवर अशी प्रत्येक ठिकाणची परवानगी वेगळी विचारून. फिल्म ज्या लढ्यासाठी केली त्याची तारीख आधी, महोत्सवाची मुदत नंतर. आणि प्रवेशिकेच्या फीवर मर्यादा : फिल्मच्या खर्चाच्या दहावा हिस्सा, त्यापलीकडे एक रुपया नाही. एवढे पाळून कुणाला पाठवायची असेल तर खुशाल पाठवा. निवड झाली तर मी पेढे आणीन.

मार्चमध्ये समाजमंदिरात फिल्म दाखवली. चादर वाऱ्याने हलत होती, आवाज फाटत होता. हिशेबाचा भाग आला तेव्हा मागून एक बाई ओरडली, "बी विंगमधली तीन घरं राहिली, ती पण धरा!" फिल्म थांबवावी लागली. अर्धा तास त्या तीन घरांवर चर्चा झाली. मग एकीने वही काढली.

आमची दिवाळी गेली ती गेली. पण वहीत आता पुढच्या दिवाळीची यादी आहे.