‘निष्पाप’ या शब्दाविरुद्ध

दिवाळी अंकात एड्सवर लेख! चकलीचा तुकडा मोडता मोडता हे पान उघडणारे वाचक कपाळाला आठ्या घालतील, हे मी जाणून आहे. पण घरातली सारी माणसे आळीपाळीने वाचतात तो हाच अंक, आणि त्याच घरात हा विषय कधी निघत नाही. शिवाय एका ताटात चौघांनी हात घातल्याने हा रोग जडत नाही. तेव्हा फराळ चालू द्यावा.

माझे भांडण रोगाशी नाही. त्याच्याशी भांडायला डॉक्टर समर्थ आहेत. मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर. माझे भांडण आहे एका सोज्ज्वळ शब्दाशी. “बिचारी बायको, निष्पाप हो!” “लेकराचा काय दोष?” ऐकायला किती दयाळू! पण एकीला निष्पाप म्हणताच दुसऱ्या कुणाला तरी आपण पापी ठरवून मोकळे होतो. चारित्र्याचा दाखला पाहून मग पाझरणारी दया मला मान्य नाही.

एका शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी एक विधवा होती. तिच्या रक्तात एचआयव्ही आहे ही गोष्ट कुठून तरी फुटली आणि पालकांचे शिष्टमंडळ आले. त्यातले वडीलधारे गृहस्थ मोठ्या सौजन्याने म्हणाले, “बाई निष्पाप आहे हो, गुरुजी. नवऱ्याने दिले तिला. पण...” त्या ‘पण’ने तिची चूल विझवली. मी घसा कोरडा करून सांगितले, की शिजल्या अन्नातून हा विषाणू जात नाही, डासातून नाही, टॉवेलातून नाही. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, एकाची सुई दुसऱ्याने टोचणे, आणि गर्भारपणी, बाळंतपणी किंवा अंगावरच्या दुधातून आईकडून बाळाला, एवढ्याच त्याच्या वाटा. सर्वांनी माना डोलावल्या. बाई मात्र गेलीच. निष्पापपणाचा तिला कवडीचा उपयोग झाला नाही.

गोव्यात 1989 साली डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाने रक्तदान केले. त्या रक्तात एचआयव्ही आढळला आणि सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली त्याला 64 दिवस कोंडून ठेवण्यात आले. त्याच्या सुटकेसाठी आईला मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. आता वाचकहो, खरे सांगा: “पण त्याला झाला कसा?” हा प्रश्न तुमच्या मनात आला की नाही? उत्तर काहीही असते तरी ते कोंडणे न्याय्य ठरले असते काय? पुढे 1997 साली याच न्यायालयाने सांगितले, की काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीपायी नोकरी नाकारता येणार नाही. त्या दाव्यात अर्जदाराचे नाव नाही, दोन इंग्रजी अक्षरे आहेत. जिंकलेल्या माणसानेही तोंड लपवावे! भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला. त्या शिष्टमंडळातल्या एकाने तरी त्याचे नाव ऐकले असेल की नाही, कोण जाणे.

इकडे वैद्यकाने केवढी मजल मारली आहे! आपल्या देशात 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांतून औषध फुकट मिळू लागले. पूर्वीची मूठभर औषधे जाऊन आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. तिने विषाणू समूळ जात नाही, पण त्याची वाढ थांबते. आणि नेमाने घेतल्यावर तो रक्तात सापडेनासा झाला व तसाच राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचाराविना शंभरांतल्या 15 ते 45 बाळांना आईकडून हा रोग जाई. उपचाराने ते प्रमाण 5 च्या खाली येते. धोका घडलाच असेल तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घेण्याचे औषधही आहे. निरोध तर केव्हापासूनचा आहे.

हे सारे सुरू होते ते रक्ताच्या तपासणीपासून, आणि आमचा तो शब्द नेमका तिथेच आडवा येतो. ज्याला आपण पापी ठरवू तो भीतीने तपासणीला जात नाही. जी स्वतःला निष्पाप समजते ती म्हणते, “मला कशाला होईल?” तीही जात नाही. रोगाला याहून अधिक काय हवे?

र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि लैंगिक विषय आरोग्याच्या भाषेत उघड मांडले. आम्ही त्यांना अश्लील ठरवून कोर्टात खेचले. त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले म्हणून निदान थोडी अब्रू राहिली. त्यानंतर बरोबर ऐंशी वर्षांनी, 2007 साली, याच महाराष्ट्रात शाळांतले लैंगिक शिक्षण बंद पाडण्यात आले. संस्कृती वाचली म्हणून तेव्हा पाठी थोपटल्या गेल्या. माझ्या वर्गातली मुले त्या साली जे विचारायला लाजत होती, ते आजही लाजतातच. फरक एवढाच, की आता उत्तर मोबाईलवर शोधतात, आणि तिथे जे भेटते त्याला मास्तर म्हणवत नाही.

सरकारी रुग्णालयात ही तपासणी फुकट होते आणि निकाल गुप्त ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. माहितीसाठी 1097 हा फुकट लागणारा क्रमांक आहे. नवरा-बायको दोघांनीही जावे. आधी कोणी जायचे, यावरून भांडू नये.