सक्तीचे बारसे

परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसास आयुष्यात केव्हा ना केव्हा एक प्रश्न ऐकावाच लागतो : "तुम्हांला येथे निराळे मंडळ कशाला हवे?" प्रश्न बहुधा रागाने विचारलेला नसतो, आणि म्हणूनच त्यास उत्तर देणे अवघड जाते. आम्ही पडलो केंद्र सरकारचे कारकून. बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड पाठीवर घेणे हा आमचा कुळाचार. तेव्हा हा प्रश्न आम्ही अनेक गावच्या पाण्याबरोबर पचविला आहे. परवा तो पुन्हा ऐकला. विचारणारे कचेरीतीलच एक सद्गृहस्थ होते. या वेळी त्यांनी एक पुस्तीही जोडली : "मंडळ ठेवा, पण निदान नाव तरी बदला. नावात प्रांत कशाला?" उत्तरादाखल आम्ही त्यांस एका फुटबॉल क्लबाची हकीकत सांगितली. त्यांना ती पटली नाही. वाचकांस पटते की काय, हे पाहावे म्हणून येथे मांडीत आहो.

हा क्लब ब्राझीलमधील साओ पावलो शहराचा. ब्राझीलमध्ये १८८८ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि कॉफीच्या मळ्यांना मजूर हवे झाले. ते पुरविले इटलीने. साओ पावलोच्या ब्रास भागात या लोकांना उतरविण्यासाठी प्रचंड धर्मशाळेवजा इमारत उभी होती. तेथून त्यांची रवानगी मळ्यांकडे होई. पुढे मळ्यांना कंटाळून कित्येक जण शहरात परतले आणि गिरण्या-कारखान्यांत लागले. या सर्वांना आपण सोयीसाठी 'इटालियन' म्हणतो खरे. पण इटलीचे राज्यच मुळी १८६१ साली एक झालेले. व्हेनेतोचा शेतकरी आणि कालाब्रियाचा शेतकरी एका बोटीतून आले तरी एकमेकांची बोली त्यांस धड समजत नसे.

१९१४ साली तोरिनो आणि प्रो व्हेर्चेल्ली हे इटलीतील दोन संघ साओ पावलोस खेळावयास आले. त्यांचे सामने पाहून येथील मंडळींना वाटले, आपलाही एक क्लब असावा. 'फान्फुल्ला' या तेथील इटालियन वृत्तपत्रात व्हिन्चेन्झो रागोन्येत्ती याने तसे आवाहन केले, आणि २६ ऑगस्ट १९१४ रोजी 'पालेस्त्रा इतालिया' या नावाने क्लब स्थापन झाला. पुढाकार घेणाऱ्यांत लुइजी चेर्व्हो आणि लुइजी मार्झो हे मातारात्सो यांच्या कारखान्यात नोकरी करणारे गृहस्थ होते. म्हणजे आमच्यासारखीच पगारावर जगणारी माणसे.

आता पहिला मुद्दा. प्रांताचे वा देशाचे नाव घेतले म्हणजे माणसे विभागली जातात, असे आमच्या सद्गृहस्थांचे म्हणणे. येथे काय झाले? गावी एकमेकांचे तोंड न पाहिलेले व्हेनेतोवाले, नापोलीवाले आणि कालाब्रियावाले या नावाखाली प्रथम एका बाकावर बसले. जे नाव बाहेरच्यास भिंत वाटते, ते आतल्यांच्या दृष्टीने पुष्कळदा भिंती पाडून झालेले अंगण असते. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात नागपूरकर, कोल्हापूरकर आणि मालवणकर एका पंगतीस बसतात. ते आपापल्या गावी कोठे बसले असते?

क्लबाने आपला पहिला सामना २४ जानेवारी १९१५ रोजी सावोइया संघाशी खेळला आणि २-० असा जिंकला. १९२० साली राज्याचे विजेतेपद मिळविले आणि त्याच वर्षी पार्के आन्तार्क्तिका हे क्रीडांगण विकत घेतले. १९३३ साली कोरिन्थिअन्स या कट्टर प्रतिस्पर्ध्यास ८-० असे हरविले. वीस वर्षांच्या आत मजुरांच्या वसाहतीने उभी केलेली ही दौलत!

मग आले वार्गास यांच्या हुकुमशाहीचे दिवस. १९३७ पासून साऱ्या देशास एकाच साच्यात ओतण्याचा उद्योग सुरू झाला. परकीयांच्या शाळा आणि वृत्तपत्रे यांवर बंधने आली. जानेवारी १९४२ मध्ये ब्राझीलने इटली, जर्मनी आणि जपान यांच्याशी संबंध तोडले. ११ मार्चच्या हुकुमाने या देशांच्या नागरिकांची मालमत्ता नुकसानभरपाईपोटी अडकविण्याची तरतूद झाली. त्याच महिन्यात क्लबाने 'इतालिया' हा शब्द टाकला आणि 'पालेस्त्रा द साओ पावलो' असे नाव घेतले. तेवढ्याने भागले नाही. ऑगस्टात ब्राझील युद्धात उतरला आणि उरलेला 'पालेस्त्रा' हा शब्दही डोळ्यांत सलू लागला. वस्तुतः हा शब्द मूळचा ग्रीक, आखाडा या अर्थाचा. आणि ग्रीस तर त्या वेळी त्याच शत्रूंच्या टाचेखाली चिरडला जात होता! पण शब्दाची व्युत्पत्ती पाहून हुकूम निघाल्याचे कोणी कधी ऐकले आहे काय? १४ सप्टेंबर १९४२ रोजी क्लबाचे नाव 'पाल्मेइरास', म्हणजे ताडवृक्ष, असे झाले. बोधचिन्हातला तांबडा रंगही गेला; हिरवा आणि पांढरा तेवढे राहिले. त्याच वर्षी बेलो ओरिझोंते येथील दुसरा 'पालेस्त्रा इतालिया' 'क्रुझेइरो' झाला.

हे नामांतर क्लबाच्या सभासदांनी आपल्याच सभेत मंजूर केले, म्हणजे ते स्वेच्छेने झाले, असे कोणी म्हणेल. या 'स्वेच्छे'विषयी आम्हांस थोडे अधिकारवाणीने बोलता येईल, कारण फायलींवर टिपणे लिहिण्यात आमची उमर चालली आहे. वरून सूचना येते, खालून विनंती जाते आणि अखेर कागदावर असे उमटते की खालच्याने विनंती केली म्हणून वरच्याने कृपावंत होऊन मान्यता दिली. ज्याचे घर, मैदान आणि बँकेतली पुंजी एका सहीने जाऊ शकते, त्याने केलेल्या ठरावास स्वेच्छा म्हणणे ही भाषेची विटंबना होय.

प्रतिपक्षाचे बलवान म्हणणेही आम्ही झाकून ठेवीत नाही. ऑगस्ट १९४२ च्या मध्यास एका जर्मन पाणबुडीने ब्राझीलच्या किनाऱ्यालगत लागोपाठ जहाजे बुडविली आणि सहाशेच्या आसपास माणसे मेली. लोक खवळले होते. इटालियन वसाहतीतल्या काही बड्या मंडळींना मुसोलिनीचे कौतुक होते, हेही खोटे नव्हे. ज्याने हेरगिरी केली असेल त्यास पकडावे, ज्याने शत्रूस पैसा पुरविला असेल त्याच्यावर खटला भरावा. त्यास आमची ना नाही. पण गुन्हा माणसाचा असतो, नावाचा नसतो. नावास शिक्षा देण्यात सरकारची एकच सोय आहे : पुरावा लागत नाही. आणि निष्ठा? १९४४ साली ब्राझीलचे सुमारे २५,००० सैनिक इटलीत जाऊन लढले. त्यांत इटालियन आडनावांचे जवानही होते. त्यांची आडनावे बदलून मग त्यांना आघाडीवर धाडले, असे काही झाले नाही.

नव्या नावाने पहिला सामना २० सप्टेंबर १९४२ रोजी पाकाएम्बूच्या मैदानावर साओ पावलो क्लबाशी झाला. खेळाडू ब्राझीलचा राष्ट्रध्वज हातांत धरून मैदानात उतरले. त्यांच्याबरोबर लष्करातला एक कप्तान होता. पाल्मेइरास ३-१ ने पुढे असता पंचाने त्यांना पेनल्टी दिली. साओ पावलोने पुढे खेळण्यास नकार दिला, आणि राज्याचे विजेतेपद पाल्मेइरासकडे आले. क्लबाच्या इतिहासात हा दिवस वीरश्रीचा म्हणून गायिला जातो. 'पुढारी मेला, विजेता जन्मला', अशा अर्थाचे वचनही त्या दिवसाशी जोडलेले आहे.

येथे आमचा मतभेद खुद्द त्या क्लबाच्या भाटांशीही आहे. खेळाडू शूर होते, यात संशय नाही. परंतु आपल्याच शहरात, आपल्याच प्रेक्षकांपुढे ध्वज धरून 'आम्ही तुमचेच आहो' असे सिद्ध करावे लागणे, हा त्यांच्या विजयाचा भाग नव्हे; तो त्यांच्याकडून तसे करविणाऱ्यांच्या लज्जेचा भाग आहे. प्रतिस्पर्धी संघास ध्वज धरावा लागला नाही. अपमान गिळून दाखविलेल्या शौर्याचे पोवाडे गाताना अपमान करणारा हळूच पडद्याआड जातो, आणि पुढच्या पिढीस वाटू लागते की जे झाले ते बरेच झाले.

बरे, त्या नामांतराने जे साधावयाचे ते त्यानेच साधले काय? १९५१ साली रिओ येथे आंतरराष्ट्रीय चषकाच्या अंतिम फेरीत पाल्मेइरासने इटलीच्याच युव्हेन्तुसला १-० आणि २-२ अशा दोन सामन्यांत मागे टाकले. ७ सप्टेंबर १९६५ रोजी, ब्राझीलच्या स्वातंत्र्यदिनी, राष्ट्रीय संघाचा गणवेश घालून उरुग्वेशी खेळण्यास पाल्मेइरासचाच संघ बोलाविला गेला आणि तो ३-० असा जिंकला. हा सामना झाला बेलो ओरिझोंते येथे, त्या दुसऱ्या पालेस्त्राच्या गावी. हे सर्व ताडवृक्षाच्या नावामुळे झाले, असे ज्यास वाटत असेल त्याने खुशाल मानावे. आमच्या मते ते झाले मैदानावरील घामामुळे, आणि क्लबाचे दरवाजे इटालियनेतरांस उघडे राहिल्यामुळे. खरी स्वेच्छा पाहावयाची असेल तर ती १९८६ साली पाहावी. प्रतिस्पर्धी त्यांना 'डुक्कर' म्हणून हिणवीत. त्या वर्षी पाठीराख्यांनी तोच शब्द उचलून आपला जयघोष केला. नाव असे घ्यावे; गळ्यावर हात ठेवून घ्यावयाचे ते नाव नव्हे.

हा युद्धकाळचा ज्वर होता, असेही म्हणून चालणार नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीचा 'आपिया' क्लब १९५४ साली इटालियनांनीच काढला. त्या देशात २०१४ साली, भर शांततेत, फुटबॉल संघटनेने नवा नियम केला : क्लबांनी नव्याने वांशिक वा राष्ट्रीय नावे आणि चिन्हे घेऊ नयेत. २०१९ साली तो मागे घ्यावा लागला. पाच वर्षांत उमगलेली चूकही चूकच.

याउलट आपल्या देशाकडे पाहा. १९२० साली कलकत्त्यात 'ईस्ट बेंगॉल' क्लब निघाला. ज्या भूमीचे ते नाव, ती १९४७ साली परक्या राज्यात गेली. १९६५ साली त्या राज्याशी आपले युद्ध झाले. तरी क्लबाचे नाव 'ईस्ट बेंगॉल'च राहिले, आणि त्यावाचून देशाचे काही अडले नाही. आमच्या सद्गृहस्थांस आम्ही हेच विचारले. ते म्हणाले, "ती गोष्ट निराळी." निराळी कशी, ते मात्र त्यांनी सांगितले नाही.

पण लेखणी हातात आहे म्हणून केवळ शेजाऱ्याचे वाभाडे काढणे न्यायाचे होणार नाही. रजेवर मुंबईस वा पुण्यास गेलो असता आमच्याच आप्तांच्या तोंडून आम्ही हाच प्रश्न ऐकला आहे, तेथे तो तमिळ संघास किंवा बंगाली मंडळींच्या दुर्गापूजेस उद्देशून असतो : "यांना येथे निराळे मंडळ कशाला हवे?" आम्ही तेव्हा गप्प बसलो, हे कबूल करावयास हवे. परमुलखात जो हक्क आम्ही आपला म्हणून मागतो, तोच स्वतःच्या अंगणात दुसऱ्यास देताना आमची जीभ अडखळते. येत्या सर्वसाधारण सभेत आमच्या मंडळापुढे दोन सूचना आहेत : एक, नावातून 'महाराष्ट्र' गाळावा, दुसरी, अमराठी माणसास सभासदत्व देऊ नये. आम्ही दोहोंच्या विरुद्ध हात वर करणार आहो. नाव आमचे राहील आणि दार सर्वांस उघडे राहील. पालेस्त्राच्या लोकांना यांतली पहिली गोष्ट राखू दिली नाही. दुसरी त्यांनी स्वतः राखली आणि तिच्याच बळावर ते तगले. आम्हांस तर दोन्ही राखण्याची मुभा आहे. ती आपल्याच हातांनी गमावली, तर दोष कोणत्या हुकुमशहाच्या माथी मारणार?