वेगाचें वेड आणि जमिनीचें मोल

शेतकरी आगगाडीच्या आडवा येतो, हें वाक्य हल्लीं सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत सिद्धान्तासारखें उच्चारलें जातें. आम्हांस तें मान्य नाहीं. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या शीघ्रगति मार्गाची कोनशिला २०१७ सालीं बसली. पालघरच्या ग्रामसभांनीं विरोधाचे ठराव केले, तेव्हां त्या प्रगतीच्या वैरी ठरल्या; विक्रोळीच्या जमिनीसाठीं गोदरेज कंपनी उच्च न्यायालयांत गेली, तेव्हां मात्र तो कायद्याचा मुद्दा झाला!

२०१३ च्या कायद्यानें ग्रामीण भागांत बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला आणि संपादनापूर्वीं सामाजिक परिणामांची तपासणी सांगितली. २०१८ सालीं महाराष्ट्रानें दुरुस्ती करून त्या तपासणींतून कित्येक प्रकल्पांस सूट देण्याची वाट काढून ठेविली. राहिला बाजारभाव. तो ठरतो खरेदीखतांवरून. फुलसावंगीसारख्या गांवीं काळी जमीन सुखासुखीं कोण विकतो? विकली जाते ती अडचणींत, पडत्या किंमतीस. अशा किंमतीची चौपट हा न्याय म्हणावा काय?

आणि विलंबाचें खापर कोणाच्या माथीं? वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा साधा मार्ग मंजूर होऊन दीड तप उलटलें. २०२४ च्या फेब्रुवारींत गाडी जेमतेम कळंबपर्यंत पोंचली. पुसद, उमरखेड तिची वाटच पाहत राहिलीं. येथील माणसास आगगाडी नको आहे असें नव्हे. त्याला ती हवीच आहे. परंतु ज्याची जमीन जावयाची, त्याला आधीं विचारावें आणि मोल पुरतें मोजावें. तेवढा वेळ ज्यांस परवडत नाहीं, त्यांनीं प्रगतीचें नांव घेऊं नये.