‘टू’ म्हणजे ‘जरा जास्तच’

मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या बहुतेकांनी व्याकरणाच्या पेपरात ‘रिमूव्ह टू’ हा प्रश्न सोडवलेला असतो. ‘ही इज टू वीक टू वॉक’ असं दिलं की ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’ असं लिहायचं आणि मार्क घ्यायचे. उत्तरातलं ते ‘कॅनॉट’ आलं कुठून, हे मात्र वर्गात क्वचितच विचारलं जातं. दिलेल्या वाक्यात नकाराचा एकही शब्द नाही. तो पहिल्या ‘टू’च्या पोटात दडलेला आहे. ‘व्हेरी’ नुसतं माप वाढवतो, ‘टू’ मात्र माप ओलांडल्याची तक्रार करतो. हे ध्यानात येत नाही, म्हणून पेपरात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा पुढे मित्राच्या फोटोखाली ‘टू गुड’ लिहितो आणि नोकरीच्या अर्जात ‘आय अ‍ॅम टू इंटरेस्टेड’.

यात मुलांच्या अकलेचा दोष नाही. दोष आहे ‘व्हेरी म्हणजे खूप आणि टू म्हणजेही खूप’ या समीकरणाचा. आपलं ‘फार’ दोन्हीकडे राबतं. ‘चहा फार गरम आहे’ म्हणणारा खूश होऊन घोट घेतोय की ओठ भाजल्यामुळे कप खाली ठेवतोय, ते त्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं. इंग्रजीत तेवढं काम शब्दच करतो. म्हणून मराठीला हा भेद ठाऊकच नाही असं नव्हे. ‘पोरगी फार हुशार आहे’ ही शाबासकी, ‘पोरगी जरा जास्तच हुशार आहे’ हा टोमणा. ‘अतिशहाणा’ तर कुणी कुणाला कौतुकानं म्हणत नाही. ‘भाजीत मीठ जरा जास्तच पडलंय’ या वाक्यातलं ‘जरा’ निव्वळ स्वयंपाक करणाऱ्याची भीड राखायला आलेलं असतं. खरा घाव ‘जास्तच’मधल्या ‘च’चा. फळ्यावर ‘टू’समोर ‘खूप’ऐवजी ‘जरा जास्तच’ लिहिलं असतं, तर निम्मा घोळ तिथंच मिटला असता.

यावर कुणी म्हणेल की इंग्रजही ‘यू आर टू काइंड’ असं गोड बोलतातच की. बोलतात, पण त्यातही मर्यादा ओलांडल्याचाच भाव आहे: माझ्या लायकीपेक्षा जास्त केलंत. आपलं ‘अहो, कशाला एवढं केलंत!’ याच जातीचं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शब्द झिजतात, अर्थ बदलतात. ‘व्हेरी’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘खरा’ असा होता, आणि आपलं ‘खूप’ ज्या फारसी ‘खूब’वरून आलं त्याचा अर्थ ‘चांगलं’. मग ‘टू’नंही कूस बदलली तर बिघडलं कुठं? मित्रांच्या गप्पांत काहीच बिघडत नाही. तिथलं ‘टू गुड’ दुरुस्त करत बसणं हाच अतिशहाणपणा. पण सगळ्याच जागा गप्पांच्या नसतात. औषधाचा ‘व्हेरी हाय’ डोस डॉक्टर जाणूनबुजून देऊ शकतात. ‘टू हाय’ म्हटलं की कुणाची तरी चूक झालेली असते. स्टेशनवर ‘व्हेरी लेट’ पोहोचलेल्याला धावतपळत का होईना गाडी मिळू शकते. ‘टू लेट’ पोहोचलेल्याला रिकामा फलाट दिसतो.